दुखायचं थांबलं, याचा संशय

सगळ्यांवर विश्वास टाकणारी माणसं शेजारी म्हणून फार चांगली. पायाला जखम झाली असेल तर मात्र अशा माणसाच्या हाती सापडू नये. डॉक्टरकीत उभा जन्म काढून, निवृत्त होऊन केडगावात घर बांधून बसल्यावर मी हे सांगतो आहे. ही अक्कल मला कॉलेजात आली नाही. ती दिली सातवी पास साळवे तात्यांनी, आणि तीही मी मागितलेली नसताना.

साळवे तात्या हे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे ड्रेसर. म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. पाथर्डीच्या पुढे आठ-दहा मैलांवर, दिवसातून दोनदा एस.टी. येणाऱ्या गावात ते केंद्र होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी तिथे रुजू झालो तेव्हा मी पंचविशीचा आणि तात्या पन्नाशीचे. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा सदरा, खाली खाकी विजार. सदऱ्याच्या वरच्या खिशात एक बोथट टोकाची कात्री आणि एक जांभळी उमटणारी शाईपेन्सिल. त्या पेन्सिलीचं टोक ओलं केल्याशिवाय ती उमटायची नाही, म्हणून सगळं जग ती जिभेला लावायचं. तात्या ती वाटीतल्या पाण्यात बुडवत. आपल्या जिभेचाही त्यांना भरवसा नव्हता.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी माझ्या पायाकडे बघितलं.

"नवा बूट हाय. चावतोय का, साहेब?"

"नाही."

"काढा बगू."

मी वैद्यकीय अधिकारी, आणि आल्या आल्या कंपाउंडर, नर्सबाई आणि ओसरीतल्या वीस-पंचवीस पेशंटांसमोर स्टुलावर बसून बूट काढतो आहे. टाचेला टपोरा फोड आला होता. तात्यांनी स्पिरिटचा बोळा लावला, आणि मी विव्हळलो तेव्हा मान हलवून म्हणाले, "चावत न्हाई म्हनला हुता." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव कोणत्या यादीत टाकलं असेल याची मला कल्पना आहे.

माणूस काय सांगतो ते तात्या ऐकून घेत, पण ते ऐकणं पोलीस पाटलाच्या ऐकण्यासारखं असे. "काटा लागला" म्हणणाऱ्याला ते विचारत, कोणत्या झाडाचा. "कालच लागलं" म्हणणाऱ्याच्या पट्टीची घडी उलगडून तिच्या कडेचा मळ बघत आणि म्हणत, "ह्यो मळ आठ दिसांचा हाय. काल लागलं तर मळ आदी आला का?" मला हे सगळं फार उर्मट वाटायचं. आजारी माणसाशी कसं बोलावं यावर मी त्यांना एकदा चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी तेही ऐकून घेतलं, त्याच पद्धतीनं.

मात्र बोलणं झालं की त्यांचे हात सुरू होत, आणि ते बघण्यासारखं होतं. जखम एका पायाला असली तरी ते दोन्ही पाय उघडे करायला लावत. दोन्हींवर हाताची पालथी बाजू ठेवत. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागला की त्यांचा हात तिथेच थांबे. मग प्रत्येक बोटाचं नख दाबायचं आणि सोडायचं. दाबलं की नख पांढरं पडतं, सोडलं की लगेच तांबूस व्हायला हवं. "रगत घरी येतंय का बगायचं," ते म्हणत. कुठे रेंगाळलं, तर पुन्हा दाबत. मग बोटं हलवून दाखव, मग डोळे मीट आणि मी कोणत्या बोटाला हात लावला ते सांग. शेवटी वास. सोडलेली पट्टी ते नाकाजवळ नेत, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नसे. उलट मला ओकारी आवरत नसे, म्हणून मी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघण्याचं काहीतरी कारण शोधायचो.

गँगरीन मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्यावर मला बऱ्यापैकी मार्कही पडले होते. पण ते कळलं तात्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीत. ते पेशंटांना समजावून सांगत आणि मी कानकोंडा होऊन ऐकत असे. अंगाच्या एखाद्या भागाला रक्त पोचेनासं झालं की तो भाग मरतो. माणूस जिवंत असतो, त्याचं बोट मेलेलं असतं. "आता मेल्याचे दोन परकार," तात्या सांगत. "मिरची वाळली तर वरीसभर टिकती. काळी पडती, आक्रसती, पर शेजारच्या मिरचीला काय करत न्हाई. वांगं नासलं तर? सारी पाटी नासवतं. तुजं बोट मिरची हाय का वांगं हाय, येवढंच आपल्याला बगायचं."

हे बघायला ती जांभळी पेन्सिल. काळं कातडं जिथे संपतं आणि जिवंत कातडं जिथे सुरू होतं, तिथे ते बारीक रेघ ओढत. दुसऱ्या दिवशी काळं रेघेच्या आत राहिलं तर वाळतं आहे, थांबेल, थोडक्यात सुटू. रेघ ओलांडून वर गेलं, कातडं ओलं झालं, फोड आले, वास आला, तर ते वर वर चढत जाणार आणि शेवटी माणूस घेऊन जाणार. मग कापायचं, आणि ते नगरला मोठ्या इस्पितळात. आमच्याकडे कापण्याची सोय नव्हती. तरी गावोगाव तात्यांचं नाव 'कापणारा तात्या' असंच होतं. त्यांनी उभ्या आयुष्यात नखाशिवाय काही कापलं नव्हतं.

पण तात्यांचा खरा संशय वेगळाच होता. एखादा पेशंट हसत हसत यायचा. चार दिवस कण्हत होता, आज चेहरा उजळलेला. "तात्या, आज लई बरं हाय. दुखायचं थांबलं." नर्सबाई म्हणायच्या, देव पावला. मीही म्हणायचो, छान. तात्यांचा चेहरा मात्र उतरायचा. हातातलं काम टाकून ते त्याच्याकडे जायचे. जखम तशीच असताना दुखणं अचानक गेलं, तर त्यांना ते चांगलं लक्षण वाटतच नसे. तिथली नस मेली असेल तर दुखणार काय, हा त्यांचा हिशेब. मी एकदा विचारलं, हे कुठे शिकलात? तेव्हा कळलं की लढाईत ते ब्रह्मदेशाकडे लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय होते. "तितं पोरं हसत मेली, साहेब," एवढंच म्हणाले.

माणसांवर विश्वास न ठेवायला तात्यांना दुसरीही कारणं होती. छपन्न सालानंतर त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. घरात बुद्धाची एकच तसबीर, तीही रोज पुसलेली. गावातली मंडळी त्यांच्यापुढे आपले सडके पाय बिनदिक्कत ठेवत, हक्कानं ठेवत. पण पाणी लागलं की कंपाउंडरला हाक मारत. तात्या हे बघत असत. एकदा हात धुता धुता मला म्हणाले, "जखमंला माजा हात चालतो. तांब्याला चालत न्हाई." मी घाईघाईनं म्हणालो, मी असलं काही मानत नाही. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "मानत न्हाई म्हननारा मानूस मी दोनदा बगतो," ते म्हणाले आणि टॉवेल खुंटीला लावला. मला राग आला होता. आज वाटतं, त्यांनी तिसऱ्यांदाही बघायला हवं होतं.

हसू यावं असाही त्यांचा संशय होता. गावात यशवंता शिंपी होता. तिशीतला, अंगानं चांगला, आणि उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चाललेला. बिडी ओढणाऱ्या तरण्या माणसांच्या पायाच्या रक्तवाहिन्या कधीकधी आतून बंद होत जातात आणि पाय टोकाकडून मरायला लागतो. यशवंता दिवसाला दोन बंडलं संपवायचा. तात्यांनी त्याला सांगितलं, एक तर बिडी ठेव नाही तर पाय ठेव. यशवंतानं मारुतीची शपथ घेतली. माझा विश्वास बसला. तात्यांचा अर्थातच नाही.

मग बाजाराच्या दिवशी तात्या कापड घेऊन त्याच्या दुकानात गेले, विजारीचं माप दिलं आणि तिथेच बसून राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत. यशवंता मशीन मारतो आहे, घाम पुसतो आहे, चुळबुळ करतो आहे. शेवटी तात्या म्हणाले, "सदऱ्याला येक गुंडी लाव बरं," आणि त्याच्या आधी स्वतःच गुंड्यांचा डबा ओढून उघडला. गुंड्यांच्या खाली बिड्या.

"त्या जुन्या हायेत, तात्या. सोडायच्या आदीच्या."

तात्यांनी एक बिडी घेऊन बोटात मोडली. ती कडकन मोडली. "जुनी आसती तर सादळली आसती," ते म्हणाले आणि डबाच उचलून घेऊन आले. गुंड्या दुसऱ्या दिवशी परत पाठवल्या. यशवंताचा अंगठा आणि शेजारचं बोट नगरला गेलं, पाय राहिला. पुढे तो त्याच पायानं मशीन मारायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "माज्या बायकूनं येवडा संशय घेतला न्हाई कदी."

आता ज्यामुळे हे सगळं लिहायला बसलो तिकडे वळतो. वळायला मन घेत नव्हतं, म्हणून शिंप्याचं लांबवलं.

सरपंचाच्या भावाला बांधावर काहीतरी चावलं. साप असेल, नसेलही. गावच्या भगतानं गुडघ्याखाली सुतळी करकचून आवळली आणि सांगितलं, पाच शनिवार मारुतीला जाऊन आल्याशिवाय दोरा सोडायचा नाही. चौथ्या दिवशी तो आमच्याकडे आला तो वेगळ्याच कामाला, खोकल्याचं औषध न्यायला. तात्यांना त्याची चाल खटकली. धोतर वर करायला लावलं तर पाऊल सुजून निळं पडलेलं, आणि सुतळी मांसात रुतलेली. तात्यांनी कुणाला काही न विचारता खिशातली कात्री काढली आणि दोरा कापला. पाय वाचला. पण संध्याकाळच्या आत सरपंच दहा माणसं घेऊन केंद्रावर.

"तुमचा मानूस देवाचा दोरा कापतो, डाक्टर. आनि कापनारा कोन, ते बी बगा."

हे 'कोण' त्यांनी कशाला म्हटलं ते मला कळलं होतं. त्याच वेळी उत्तर द्यायला हवं होतं. पण मी नवा होतो, केंद्राला पाण्याचा टँकर सरपंचाच्या शब्दावर येत होता, आणि मला भांडण नको होतं. मी माफी मागितली. वर तात्यांना सगळ्यांदेखत हुकूम केला की यापुढे गावठी बांधणी, मग ती भगताची असो की हाडवैद्याची, मला विचारल्याशिवाय सोडायची नाही.

"तोंडी नको, साहेब. लिहून द्या," तात्या म्हणाले. मी लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, खाली सही केली आणि कामाला लागले.

त्यानंतर महिनाभरानं हिरा आली. एकोणीस-वीस वर्षांची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा ऊसतोडीला कारखान्यावर गेलेला, आणि ही सासऱ्याबरोबर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहत होती. पाटी घेऊन चढताना घसरली आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. सासरा, दगडूआबा, तिला म्हादू हाडवैद्याकडे घेऊन गेला. म्हादूचा हात हाडाला चांगला होता, हे कबूल करायला हवं. हाड तो सरळ बसवायचा. पण त्यावर बांबूच्या कांबट्या लावून, उडदाचं पीठ आणि अंड्याचा पांढरा बलक लावलेलं फडकं गच्च गुंडाळायचा. ते फडकं वाळलं की आक्रसायचं, आणि आतला हात सुजत जायचा. सात दिवस सोडायचं नाही, नाही तर हाड फिरतं, अशी सगळ्या पंचक्रोशीची समजूत. ती मोडण्याची कुणाची छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी आबा तिला घेऊन माझ्याकडे आला. दुखण्यासाठी नव्हे, तर दाखल्यासाठी. डॉक्टरनं लिहून दिलं की तिला मातीऐवजी पाणी वाढण्याचं हलकं काम मिळणार होतं. ओसरीवर गर्दी होती. जीप लस टोचायला निघायची होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"हात दुखतोय का?" मी विचारलं.

"दोन दिस लई ठनकत हुता," हिरा म्हणाली. "आज सकाळधरनं थांबलाय."

"छान," मी म्हणालो, आणि दाखला लिहिला. फडक्याच्या बाहेर बोटांची टोकं दिसत होती, चुन्या-मातीनं माखलेली. मी त्यांच्याकडे बघितलंही असेन. पण मी ती धुतली नाहीत, दाबली नाहीत. हाडवैद्याची बांधणी, पुन्हा सरपंच, पुन्हा दहा माणसं, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तात्या ट्रे घेऊन मागून गेले. क्षणभर थांबल्यासारखे वाटले, मग गेले.

आणखी तीन दिवसांनी, मी चहा पीत असताना, तात्यांनी विचारलं, "ती दाखल्याची पोरगी परत आली का?"

"कशाला येईल? बरं वाटत होतं तिला."

सदरा झटकून तात्या भर उन्हात चार मैल चालत तलावाच्या कामावर गेले. तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. हिरा एका झुडपाच्या सावलीत पडली होती, अंगात ताप. तात्या दहा हात अलीकडे असतानाच त्यांना वास आला. त्यांनी आबाला बाजूला केलं, फडकं कापलं, आणि खडीच्या ट्रकमधून तिला केंद्रावर आणलं.

हात मी बघितला. बोटं काळी-निळी, फोड आलेले, ओला, गार. मनगटापर्यंत गेलेलं. हे मी इथे लिहून ठेवतो: तीन दिवसांपूर्वी हाच हात माझ्या टेबलावर होता.

नगरला नेऊन हात कापला नाही तर पोरगी जाणार, हे सांगायला मी आबाला बाहेर घेतलं. आबानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "सात दिसांच्या आत बांधनी सोडली म्हून हात नासला. ह्यानं सोडली. आता कापा म्हनता. ह्याला कापायाचीच हौस हाय." त्याच्या बोलण्यात त्याला काही चूक वाटत नव्हती. पोराच्या माघारी सून हात तोडून घरी नेली तर पोराला काय तोंड दाखवू, हीच त्याची खरी भीती होती, आणि ती मला समजत होती. हिरा तात्यांकडे बघत होती, आणि तिच्याही डोळ्यांत तोच संशय होता.

खडीचा ट्रक लगेच निघून गेला होता, आणि जीप दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायची होती. मी पेनिसिलिन सुरू केलं. तात्यांनी काळ्या कातड्याच्या कडेला जांभळी रेघ ओढली. दिवस मावळायच्या आत काळं रेघेच्या वर गेलं. आबा म्हणाला, "मगा रेघ वर हुती. ह्यानं पुसून खाली वढली. आमाला भ्या घालाया."

मी चिडलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्यांनी हात आडवा केला. चिडलेले नव्हते ते. मला वाटतं, संशय घेणाऱ्या माणसाबद्दल त्यांना जरा आपुलकीच वाटली असावी.

"खरं हाय त्यांचं," ते म्हणाले. "मी रेघ वढली, मीच सांगतो वर गेलं. त्यांनी का म्हून मानावं?"

ते हिराच्या खाटेशी गेले. तिचा डावा हात धरून उजव्यावर ठेवला. "बग, गार हाय का न्हाई." तिनं हात ठेवला, आणि झटकन काढला. मग त्यांनी तिला तिच्याच नखावर दाबायला सांगितलं. ती दाबत राहिली. नख काळं ते काळंच. मग डाव्या हाताचं नख दाबून दाखवलं. पांढरं, तांबूस. तिनं ते स्वतः चार-पाच वेळा करून बघितलं, प्रत्येक वेळी जास्त वेळ थांबून.

मग तात्यांनी पेन्सिल पाण्यात बुडवून तिच्या डाव्या हातात दिली. "माज्यावर नको, तुज्यावर इस्वास ठेव. आता जितं काळं संपतं तितं तूच रेघ वढ. आनि पेन्सिल तुज्याकडंच ठेव. कुनाला दिऊ नको. मलाबी न्हाई."

तिनं आयुष्यात पेन्सिल धरली नसावी. डाव्या हातानं, दात ओठांत रुतवून तिनं रेघ ओढली. वेडीवाकडी, जाड, मनगटाच्या दोन बोटं वर. पेन्सिल पदरात बांधून तिनं गाठ मारली, आणि त्या गाठीवर डावा हात ठेवूनच झोपली.

सकाळी मी आलो तेव्हा ती उठून बसली होती. हात मांडीवर. तिची रेघ काळ्यात बुडाली होती, आणि काळं तिच्या चार बोटं वर होतं. आबा भिंतीला टेकून उभा होता. तात्या दारात होते, आत आले नव्हते. मुद्दामच आले नव्हते.

"रेघ मीच वढली हुती, आबा," हिरा म्हणाली. "पेन्सिल माज्यापाशीच हाय." तिनं गाठ सोडून पेन्सिल दाखवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कापा."

आबा तोंड फिरवून बाहेर गेला आणि ओसरीच्या पायरीवर बसला. त्यानं हो म्हटलं नाही, पण जीप आली तेव्हा तिचं अंथरूण त्यानंच उचलून आत ठेवलं.

हात कोपराच्या खाली गेला. पोरगी वाचली. नवरा कारखान्यावरून आला, त्यानं काही बोल लावला नाही असं नंतर ऐकलं, आणि ते ऐकून मला रडू आलं. दोन-अडीच महिन्यांनी ती तात्यांना थोटा हात दाखवायला आली. तात्यांनी व्रण दाबून बघितला, वास घेतला, पुन्हा दाबून बघितला. तलावाच्या कामावर ती डाव्या हातानं पाणी वाढत होती. गावात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की हात 'कापणाऱ्या तात्या'नंच कापला. ते तात्यांनी कधी खोडून काढलं नाही.

त्र्याहत्तरच्या शेवटी माझी बदली झाली. स्टँडवर मला पोचवायला तात्या आले होते, ट्रंक घेऊन. एस.टी. लागली होती, कंडक्टर चहाला गेला होता. इतके महिने मनात दाबून ठेवलेलं मी तेव्हा विचारलं.

"तात्या, त्या दिवशी, ती दाखल्याला आली त्या दिवशी मी बांधणी सोडली असती तर?"

"खरं सांगू, का तुमच्या मनाजोगतं?"

"खरं."

"मनगट ऱ्हायलं आसतं. अंगठाबी, कदाचित."

मला हे ठाऊकच होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला मी सोडू नका म्हणून लिहूनच दिलं होतं." स्वतःलाच दोष देण्यासाठी म्हणालो की त्यांना, कुणास ठाऊक.

"कागदाचं काय, साहेब," ते म्हणाले. "कागद दिल्यावर मी धा-बारा जनांच्या बांधन्या सोडल्या. तुमी जीपमदी गेला की सोडायचो. तुमाला ठावं न्हाई."

"मग तिची का नाही सोडली?"

तात्यांनी ट्रंक वर चढवली, कडी ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. मग माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. पेशंटला बोट जाणार म्हणून सांगताना असायचा तोच आवाज.

"ती म्हनली, दुखायचं थांबलं. तुमी म्हनला, छान. मी मागं हुतो, मला आयकू आलं. मनात म्हनलं, शिकलेला मानूस हाय, नख दाबून बगितलं आसंल त्यानं. उभ्या जिंदगीत येकदाच न बगता कुनावर इस्वास टाकला, साहेब. तुमच्यावर."

कंडक्टर आला, घंटी झाली. मी खिडकीतून हात बाहेर काढला होता. पण तात्या गाडी सुटेपर्यंत थांबले नाहीत. केंद्रावर ड्रेसिंगला माणसं बसली होती.